सीट पिलर

सायकलची सीट किती उंच असावी, याचं आमच्या गावातलं माप काखेत होतं. सायकलला खेटून उभं राहायचं, सीट काखेत धरायची, हात सरळ खाली सोडायचा आणि मधलं बोट पायंडलाच्या आसाला टेकतं का ते बघायचं. टेकलं तर सीट तुमची. अधांतरी राहिलं तर सीट अजून बापाची.

माझं बोट बरीच वर्षं अधांतरी राहिलं. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सायकल बावीस इंची, काळी, दांडीची. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून नानांची जिल्हा परिषदेची शाळा सात किलोमीटर. रस्ता म्हणजे काळ्या रानातली गाडवाट. पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये असा भरायचा की चाक जागच्या जागी रुतायचं. मग नाना बाभळीची काटकी मोडून मडगार्ड कोरत बसायचे, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सायकलच खांद्यावर घ्यायचे. गुरुजी सायकलीवर बसून गेले की सायकल गुरुजींवर बसून गेली, यावरून पाऊस किती झाला ते गावाला कळायचं.

त्या सायकलीवर शिकण्याची एक शिडी होती. आधी लंगडी, म्हणजे डावा पाय पायंडलावर आणि उजव्यानं जमीन ढकलायची. मग हाफ पायडल. त्यात दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, अर्धं अंग बाहेर लटकत ठेवायचं आणि पायंडल पूर्ण न फिरवता नुसतं खाली-वर करायचं. मग दांडीवरून. आणि सगळ्यात शेवटी सीट. ‘मी सीटवर चालवतो’ हे आमच्या वर्गात मिसरूड फुटल्याच्या थाटात सांगितलं जायचं.

1987 च्या मे महिन्यात नानांनी सीट खाली घेतली. माझ्यासाठी. तेव्हा मी दहा वर्षांचा. पान्ह्यानं नट सैल केला, पण पिलर, म्हणजे सीटखालचा दांडा, चौकटीच्या नळीत गच्च बसलेला. रॉकेल सोडून तासभर वाट बघितली, मग फडकं ठेवून वरून लाकडानं ठोकत ठोकत पार बुडापर्यंत घातला. त्या सुट्टीत मी सीटवर बसलो. जूनमध्ये शाळा उघडली, तरी सीट खालीच होती आणि नाना तशीच सायकल घेऊन शाळेत जायला लागले. मला वाटलं, विसरले असतील. वर्गातल्या एकानं नक्कल करून दाखवली होती, गुरुजींचे गुडघे कानाला कसे लागतात त्याची. मी सगळ्यांबरोबर हसलो होतो. दिवाळीच्या आसपास कधीतरी सीट पुन्हा वर गेली. तोवर माझं बोटही थोडं खाली सरकलं होतं, म्हणून मीही तो विषय काढला नाही.

हे सगळं मी विसरलो होतो. आठवलं ते गेल्या वर्षी, खुलताबादच्या अलीकडे, एका महागड्या सीट पिलरनं दगा दिला तेव्हा.

आता त्या पिलरविषयी सांगायला हवं, कारण घरात अजूनही कुणाला ते पटलेलं नाही. बायकोचा प्रश्न सरळ होता. “सीट खाली-वर करायला एवढे पैसे? अहो, आपली खुर्ची पण होते की खाली-वर.” तिला वाटलं टोमणा मारला. खरं तर तिनं यंत्राचं कूळच ओळखलं होतं.

बेचाळिशीत डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली आणि मी डोंगरी सायकल घेतली. छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्याला डोंगर शोधत जावं लागत नाही. मकबऱ्यामागं लेण्यांचा डोंगर, गोगाबाबा टेकडी, आणि रविवारी जोर असला तर दौलताबादचा घाट चढून कागजीपुरा, खुलताबाद, सुलीभंजन. एकनाथांनी तप केलं ती टेकडी, असं मानतात ते सुलीभंजन. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी खाली देवगिरीचे किल्लेदार. मी काही तपाला जात नाही. मी जातो तो उतारासाठी.

आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला हा दगड. त्याला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात तेही जिन्याच्या स्वीडिश शब्दावरूनच. त्यामुळं इथली वाट नुसती उतरत नाही, ती पायरीवरून उडी मारते. मधे मुरूम, त्यावर सुटे गोटे, आणि पावसाळा सरला की गुडघाभर कुसळी गवत. ते मोज्यात असं शिरतं की संध्याकाळी चिमटा घेऊन बसावं लागतं. या वाटेवर मी पहिल्याच महिन्यात सायकलवरून उलटा होऊन पुढं पडलो. हनुवटीला तीन टाके.

कारण साधं. उतारावर पुढचं चाक गोट्याला अडलं की सायकल थांबते, तुम्ही थांबत नाही. म्हणून अंग मागं आणि खाली न्यायचं, बूड जवळजवळ मागच्या चाकावर. पण सीट उंच असेल तर ती बुडाला मागं जाऊच देत नाही. पायरीवरून सायकल खाली गेली की सीट खालून असा ठोसा देते की माणूस हँडलच्या पलीकडे. बरं, सीट कायमची खाली ठेवावी तर चढावर गुडघे मरतात. पायंडल तळाला असताना गुडघा थोडासाच वाकलेला हवा, पंचवीस ते पस्तीस अंश. त्याहून जास्त वाकला तर ताकद मांडीत अडकते आणि दुखणं वाटीपाशी गोळा होतं. पायाच्या आतल्या मापाला 0.883 नं गुणून सीटची उंची काढायचं एक सूत्र आहे. मी ते वापरून बघितलं. काखेच्या मापात आणि त्याच्यात दोन बोटांचा फरक निघाला.

म्हणजे चढाला एक सीट आणि उताराला दुसरी. मग मी दर उताराआधी थांबायचो, कळ उघडायची, सीट खाली ठोकायची, खाली पोचलो की पुन्हा वर. तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली आणि पुढं परत नेली, त्याला आपण वेडा ठरवलं. त्याच किल्ल्याच्या डोक्यावर मी एका रविवारी सहा वेळा सीट हलवायचो. सातव्या वेळी कंटाळा यायचा. ‘एवढासाच तर उतार आहे’ असं म्हणून तशीच सायकल घालायचो. हनुवटीचे टाके त्या सातव्या वेळचे.

या कंटाळ्यावर इलाज शोधणारा मी पहिला नव्हे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडायची. उतार असा की मागच्या चाकाच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळायचं आणि दर फेरीनंतर हब उघडून नवं भरावं लागायचं. त्या टोळक्यातल्या जो ब्रीझनं 1977 मध्ये खास डोंगरासाठीची सायकल बांधली आणि 1984 मध्ये जॉश एंजेलबरोबर ‘हाइट राइट’ नावाची एक स्प्रिंग काढली. तिचं एक टोक पिलरला, एक चौकटीला. कळ उघडून वजन टाकलं की सीट खाली, पुन्हा उघडली की स्प्रिंग तिला वर उचलायची. कपड्यांच्या चिमट्याच्या थोरल्या भावासारखं ते दिसतं. मला ते फार आवडतं, कारण बघितलं की कळतं. पण कळ उघडायला एक हात सोडावाच लागायचा.

हात न सोडता, मुठीवरच्या खटक्यानं वर-खाली होणारे पिलर या शतकाच्या सुरुवातीला रुळायला लागले. 2010 मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा तेलाच्या दाबावर चालणारा ‘रिव्हर्ब’ आला आणि हा प्रकार शर्यतवाल्यांपुरता उरला नाही. 2012 नंतर पुढचं दातेरी चक्र एकच ठेवायची रीत पडली, डाव्या मुठीखालची पुढच्या गिअरची जागा रिकामी झाली, आणि हा खटका तिथं जाऊन बसला.

माझ्या पिलरमधलं यंत्र असं. आत एक बंद नळकांडं, त्यात तेल आणि दाबानं भरलेला वायू. दोघं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे सरकती चकती. अंगठ्यानं खटका दाबला की केबल झडप उघडते, तेलाला वाट मिळते. बूड टेकवलं की वजनानं सीट खाली जाते आणि आत वायू आणखी दाबला जातो. खटका सोडला की झडप बंद. तेल दबत नाही, म्हणून सीट त्याच उंचीवर दगडासारखी थांबते. पुन्हा खटका दाबून बूड उचलायचं. दाबलेला वायू सीटला वर ढकलतो आणि वर पोचल्याचं ती ‘टक्’ करून सांगते. सीट डावी-उजवी फिरू नये म्हणून खाचांमध्ये पितळेच्या बारीक चाव्या. बस, एवढंच. कचेरीतल्या फिरत्या खुर्चीच्या दांड्यात याच कुळातलं नळकांडं असतं. आमच्या साहेबांची खुर्ची सकाळी उंच असते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलाच्या कडेला त्यांची हनुवटी येते. ते म्हातारं झालेलं नळकांडं.

घेताना मात्र पत्रिका बघावी लागते. चौकटीच्या नळीचा आतला व्यास 27.2, 30.9, 31.6 की 34.9 मिलिमीटर, हे आधी व्हर्निअरनं मोजायचं. 30.9 च्या जागी 31.6 मागवला तर तो शिरणारच नाही, फरक मिलिमीटरभराचाही नसला तरी. मग किती खाली जाणारा हवा ते. शंभर, सव्वाशे, दीडशे, दोनशे मिलिमीटर, असं आपल्या पायाच्या लांबीप्रमाणं. मी सव्वाशेचा घेतला. साधा पिलर अडीचशे-तीनशे ग्रॅमचा असतो, हा सहाशेच्या आसपास. वजन कमी करायला सायकल घेतली आणि सायकलीचंच वजन वाढवलं, हे बायकोचं म्हणणं. याला उत्तर नाही.

पण पहिल्या रविवारी सुलीभंजनच्या त्याच वाटेवर, ज्या पायरीनं टाके दिले तिच्या तोंडाशी, मी अंगठा दाबला आणि सीट खालून निघून गेली. निघून गेली म्हणजे मांड्यांमधली एक भिंत पाडली कुणी. सायकल पायांखाली डावी-उजवी झुकायला मोकळी झाली. पायरी आली, मागं सरलो, उतरलो. खाली पुन्हा ‘टक्’. थांबलो नाही, विचार केला नाही. मला वाटतं पैसे मी त्या सातव्या वेळच्या कंटाळ्याचे मोजले.

रस्त्यावरच्या शर्यतींनाही एकदा याचा हिसका बसला. 19 मार्च 2022, मिलान–सान रेमो, 293 किलोमीटर. स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचनं रस्त्याच्या सायकलला असाच पिलर लावला होता. शेवटच्या पोज्जो चढावरून खाली येताना सीट खाली घेऊन तो असा सुटला की एका ठिकाणी रस्त्याबाहेर जाता जाता वाचला, आणि जिंकला. त्याआधीच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं उतारावर सीट सोडून दांडीवर बसायला बंदी घातली होती, धोकादायक म्हणून. वाचून हसू आलं. आमच्या गावात ती तिसरी इयत्ता होती.

आता दगा. चूक माझीच. पावसाळ्यात सायकल गॅलरीत टांगून ठेवली होती. सीट खाली घेतलेली, आणि हूक नेमका सीटला. असं करू नका म्हणून दुकानदारानं विकतानाच सांगितलं होतं. खाली अडकवलेली सीट वर ओढली जाते आणि काही पिलरमध्ये वायू तेलात शिरतो. एकदा शिरला की तेलाचा दगड राहत नाही, स्पंज होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुलीभंजनहून उतरलो, खटका दाबला, सीट वर आली, बसलो, आणि साहेबांच्या खुर्चीसारखी हळूहळू खाली चालली. पुन्हा वर घेतली. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तर वर यायलाच तयार नाही.

शहर अजून तीस किलोमीटर. सीट सव्वाशे मिलिमीटर खाली, म्हणजे उणीपुरी पाच इंच. पाच इंच काय असतात ते चढावर कळतं. गुडघा वर येतो तो पोटाला लागतो, खाली जातो तो सरळ होत नाही. उभं राहून मारावं तर शंभर पायंडलांत मांड्या भरून येतात, म्हणून पुन्हा बसायचं. दोन किलोमीटरवर वाटीखाली सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. रस्त्याकडेला शेळ्या राखणारी दोन पोरं होती. एक ओरडलं, “ओ काका, सायकल लहान पडली का?” आणि दुसऱ्यानं गुडघे फाकवून माझी नक्कल केली.

नक्कल हुबेहूब होती. अडतीस वर्षांपूर्वी वर्गात बघितलेली तीच.

मग ते चढण मी सायकल ढकलत गेलो. चालताना हिशेब लागत गेला. नाना विसरणारे नव्हते. खडूचा तुकडा कुठं ठेवला तेही त्यांच्या लक्षात असायचं. जून ते दिवाळी. मी संध्याकाळी सायकल घ्यायचो, ते शाळेतून आल्यावर, अंधार पडेपर्यंत. रोज सकाळी सीट वर करायची आणि रोज संध्याकाळी खाली, तर महिन्याभरात नटाचे आटे गेले असते. आणि तो पिलर तर रॉकेल पाजून, लाकडानं ठोकून बसवलेला. एकच सायकल, दोन उंच्या. त्यांनी एक निवडली. सात किलोमीटर जायचे, सात यायचे. मी दोन किलोमीटरला ढकलायला लागलो होतो.

खुलताबादच्या अलीकडे एका अद्रकाच्या शेताशी थांबलो. बांधावर एक म्हातारे गृहस्थ ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते.

“काय झालं भाऊ, हवा गेली का?”

“हो मामा.”

त्यांनी दोन्ही टायर दाबून बघितले. “हायेत की टणक.”

“चाकातली नाही. सीटमधली.”

“सीटमधी बी हवा असती?” ते नळी सोडून जवळ आले. मी खटका दाबून हातानं सीट वर ओढून दाखवली आणि तळव्यानं दाबली. ती निमूट खाली गेली. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं. मग विचारलं, “अन् चांगली व्हती तवा काय करायची?”

“तेव्हा पण खाली-वरच व्हायची. पण मी म्हणेन तेव्हा.”

यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग मोटारीच्या खोलीतून काळ्या इंची पाइपाचा एक तुकडा आणि हॅक्सॉचं पातं घेऊन आले. सीट पूर्ण वर ओढून धरायला सांगितली. उघडी पडलेली चकचकीत नळी बोटांनी मोजली, सात बोटं भरली. तेवढा पाइप कापला, त्याला उभी चीर पाडली, चीर फाकवून पाइप त्या नळीवर दाबला. तो फट् करून बसला, माप घेऊन केल्यासारखा. वरून जुन्या ट्यूबच्या रबराचे तीन वेढे. आता सीटला खाली जायला जागाच नव्हती.

“बसा,” ते म्हणाले. बसलो. हलली नाही.

पैसे घेतले नाहीत. उलट अद्रकाचे दोन गड्डे दिले. भाव पडलेत, तुम्ही तरी खा, म्हणाले.

बंद नळकांडं दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं. ते यायला तीन आठवडे लागले. तोवर मी त्या पाइपावर शहरभर फिरलो. दुकानात मेकॅनिकनं तो काढून कचऱ्यात टाकायला हात उचलला, तेव्हा मी तो मागून घेतला. अजून अवजारांच्या पिशवीत आहे.

दिवाळीत गावी गेलो. नाना जाऊन आता नऊ वर्षं झाली. सायकल गोठ्यात, कडब्यामागं उभी. सीटचं कातडं उंदरांनी खाल्लंय. नट फिरेना, म्हणून रॉकेलच्या जागी बाटलीतलं तेल फवारलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पान्ह्याला नळी लावून जोर दिला तेव्हा सुटला. पिलर गोल गोल फिरवत बाहेर काढला आणि फडक्यानं पुसला.

नट जिथं जिथं आवळला होता तिथं निकेल जाऊन गंजाच्या आडव्या रेघा उमटल्या आहेत. सगळ्यात खालची रेघ ठळक, खोलवर चावलेली. ती त्यांची खरी उंची. पिलर जितका बाहेर, तितकी रेघ खाली, हे जरा उलटं आहे, लक्षात यायला वेळ लागला. तिच्यावर दोन बोटांवर दुसरी, त्याच्यावर आणखी एक. या निवृत्तीनंतरच्या असणार. पाय टेकायला हवे म्हणून ते सीट थोडी थोडी खाली घेत गेले होते. आणि पार वर, सीटच्या मानेला चिकटून, एक बारीक रेघ. तिच्याभोवती लाकडानं ठोकल्याचे पोचे.

मी पिलर घेऊन चुलीपाशी गेलो. आई भाकरी थापत होती.

“आई, मी सायकल शिकलो त्या वर्षी नाना सीट खाली ठेवूनच शाळेत जायचे का गं?”

“मला काय ठावं सीटचं,” ती म्हणाली. भाकरी परतली. “त्या सालात रोज रातच्याला गुडघ्याला तेल चोळून घ्यायचे, एवढं ठावं. म्हणायचे, वर्गात उभं राहून राहून धरतात.”